बर्फ पडण्याआधी छोट्या ट्रॅक्टरला चेन: निवड, जोडणी आणि साठवण

न्यूयॉर्क राज्यात ओंटारिओ सरोवराच्या दक्षिण काठावर सफरचंदाच्या मोठ्या बागा आहेत. सरोवराच्या उबदार पाण्यावरून येणारे थंड वारे वाटेत ओलावा उचलतात आणि तो काठावर बर्फ होऊन पडतो. झाडे झोपी गेली तरी बागेतले काम थांबत नाही. भर हिवाळ्यात छाटणी असते, फांद्या ओढून न्यायच्या असतात, शेडपर्यंतची वाट मोकळी ठेवायची असते. पलीकडे व्हरमाँटमध्ये मार्चमध्ये, बर्फ असतानाच, मेपलचा रस गोळा करावा लागतो. या भागात बाग किंवा लहान शेत सांभाळणाऱ्या मराठी मंडळींनी ट्रॅक्टरच्या चाकांवर लावायच्या चेनची तयारी नोव्हेंबरातच उरकावी.

आधी मागची चाके

फोर व्हील ड्राइव्ह आहे म्हणून चेन लागत नाही, हा समज उतारावर महागात पडतो. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतात. पुढे लोडरची बादली भरली की मागचा भाग हलका होतो, आणि नेमकी ब्रेकची चाके पकड सोडतात. चेन ट्रॅक्टर चालवण्याइतकीच तो थांबवण्यासाठीही असते. एकच जोडी घ्यायची तर मागच्या चाकांसाठी घ्या. उतरताना फोर व्हील ड्राइव्ह चालू ठेवा, म्हणजे थांबवायला पुढच्या चाकांचीही मदत मिळते.

मागे वजनही हवे. महाराष्ट्रात टायरमध्ये साधे पाणी भरून वजन वाढवतात. ती सवय इथे नको, पाणी गोठते. न गोठणारा द्रव भरा, लोखंडी वजने लावा किंवा मागे वजनाची पेटी जोडा.

कोणती चेन?

सर्वांत स्वस्त चेन शिडीसारखी असते: दोन बाजूंच्या साखळ्या आणि मध्ये आडव्या साखळ्या. टर्फ टायरवर किंवा जवळजवळ ठोकळे असलेल्या टायरवर ती चालते. शेतीच्या टायरवर तिरक्या उंच पट्ट्या असतात. तिथे आडव्या साखळ्या पट्ट्यांमधल्या खाचेत उतरतात आणि चेनचा उपयोग संपतो. अशा टायरला जाळीची किंवा आडव्या साखळ्या एकमेकींना जोडलेली चेन घ्या. टायरवर छापलेला आकार तंतोतंत जुळवा.

खरेदीआधी टायर आणि मडगार्ड, लोडरचा सांगाडा, मागच्या लिंकेजचे हात यांमधील अंतर मोजा. चेनच्या जाडीपेक्षा बरीच जास्त जागा हवी, कारण वेगात कड्या बाहेर फेकल्या जातात. जागा कमी असेल तर कंपनीच्या मॅन्युअलनुसार रिम उलटी लावून किंवा स्पेसर टाकून चाके बाहेर घेता येतात.

जोडणी

1. टायरची हवा आधी तपासा. तापमान 10 अंश फॅरनहाइट उतरले की दाब साधारण 1 पीएसआय घटतो.
2. ट्रॅक्टर सपाट, कोरड्या जागी उभा करा. बादली जमिनीवर टेका, पार्किंग ब्रेक लावा, इंजिन बंद करून किल्ली काढा.
3. चेन पसरून पीळ काढा. आडव्या साखळ्यांच्या हुकांची उघडी टोके टायरपासून बाहेरच्या बाजूला हवीत, नाहीतर ती रबर कापतात.
4. चेन टायरवरून मध्यावर टाका. पुढचे टोक चाकासमोर जमिनीवर पसरा. सर्वांना दूर करून ट्रॅक्टर थोडा पुढे घ्या. चाक त्या टोकावरून गेले की दोन्ही टोके मागच्या बाजूला जोडता येतात. जोडण्यापूर्वी इंजिन पुन्हा बंद करा.
5. आधी आतला हूक लावा, मग बाहेरचा. दोन्ही बाजूंना सारख्याच कड्या सोडा. उरलेल्या कड्या लोंबत ठेवू नका; तारेने बांधा.
6. थोडे अंतर हळू चालवा, उतरून पुन्हा ताणा. चेन पहिल्या फेरीत सैल होतेच.

चेन लावल्यावर वेग कमी ठेवा. रोल बार उभा आणि सीट बेल्ट लावलेला असावा. डिफरेन्शियल लॉक लावून वळू नका. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर चेन झिजते आणि रस्ताही खरवडते. बर्फ गेला की ती उतरवा.

साठवण

रस्त्यावरचे मीठ चेनचा खरा शत्रू आहे. उतरवल्यावर चेन गोड्या पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवा आणि तेलाचा पातळ हात द्या. पुढच्या हंगामात लावण्यापूर्वी जादा तेल पुसा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ओल कोंडते. त्यापेक्षा भिंतीवर भक्कम खुंटीला टांगा किंवा तळाला भोके पाडलेल्या बादलीत ठेवा. डावी-उजवी, आत-बाहेर आणि टायरचा आकार लिहिलेले पत्र्याचे लेबल बांधा. चेन ताणून धरायला रबर लावले असेल तर ते वेगळे काढून सावलीत ठेवा.

ठेवतानाच प्रत्येक कडी बोटाने फिरवून पाहा. झिजून बारीक झालेल्या आडव्या साखळ्या तेवढ्याच बदलता येतात. हे सुटे भाग एप्रिल-मेमध्येच मागवा. पहिल्या हिमवादळानंतर सगळा तालुका त्याच दुकानात उभा असतो.