यज्ञचक्र आणि जलऋण

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, दहाव्या श्लोकापासून सोळाव्या श्लोकापर्यंत, यज्ञचक्राचा विचार आला आहे. प्राणी अन्नापासून होतात, अन्न पर्जन्यापासून होते, पर्जन्य यज्ञाने होतो आणि यज्ञ कर्मापासून उत्पन्न होतो, असा त्या विचाराचा क्रम आहे. देवांनी दिलेले भोग त्यांना काही न देता जो एकटा भोगतो, त्याला भगवंतांनी स्पष्ट शब्दांत चोर म्हटले आहे. आणि हे फिरते चक्र जो पुढे चालवीत नाही, त्याचे जगणे व्यर्थ ठरविले आहे. गीतेचे नित्य पठण करणाऱ्या गृहस्थाला हे श्लोक मुखोद्गत असतात. परंतु सकाळी नळाची तोटी उघडताना त्यांपैकी एकाही श्लोकाची त्याला आठवण होत नाही. ती का होत नाही, आणि झाली तर गृहस्थाचे कर्तव्य काय ठरते, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

विचारासाठी जयपूर शहराच्या पश्चिम भागातील वैशालीनगर ही वसाहत घेऊ. रुंद रस्ते, दुतर्फा बंगले व सदनिका, चौकाचौकांत दुकाने, अशी ही सुखवस्तू गृहस्थांची वस्ती आहे. येथे घरोघर गच्चीवर पाण्याची टाकी आहे, अंगणात तुळस आहे, आणि पहाटे सूर्याला अर्घ्य देणारेही पुष्कळ आहेत. जयपुरास पाऊस बेताचा, वर्षाकाठी साधारण ५०० ते ६०० मिलीमीटर. तोही दोन-तीन महिन्यांत पडून जातो. मग अर्घ्याच्या तांब्यातील हे पाणी येते कोठून?

या प्रश्नाचे उत्तर जयपूरच्या इतिहासात तीन वेळा बदलले आहे. सवाई जयसिंहांनी १७२७ साली हे नगर वसविले तेव्हा विहिरी, कुंडे व तलाव यांवर त्याची तहान भागत असे. नजीकच्या डोंगरावरील जयगड किल्ल्यात तर टेकड्यांच्या उतारावरील पावसाचे पाणी पाटांनी आणून प्रचंड टाक्यांत साठविण्याची व्यवस्था होती, आणि ती आजही पाहावयास मिळते. पुढे वस्ती वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाहरगडाच्या डोंगरातून निघणाऱ्या द्रव्यवती नदीचे, म्हणजेच अमानीशाह नाल्याचे, पाणी उपसून शहरास पुरविण्यात आले. तेही अपुरे पडू लागल्यावर बाणगंगा नदीवरील रामगड धरणाचे पाणी १९३१ पासून जयपुरात आले. हा जलाशय एवढा विस्तीर्ण होता की १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकांच्या शर्यती त्यावर झाल्या. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांच्या आतच तो कोरडा पडला. पाणलोटात अतिक्रमणे झाली, ओढ्यांच्या वाटा अडल्या, ठिकठिकाणी बांध पडले. २०११ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने स्वतः होऊन या प्रश्नात लक्ष घातले आणि अतिक्रमणे दूर करण्याचे आदेश दिले. तोपर्यंत जयपूर तिसऱ्या स्रोताकडे वळले होते. टोंक जिल्ह्यात बनास नदीवर बांधलेल्या बिसलपूर धरणाचे पाणी सुमारे १२० किलोमीटर लांबीच्या नळांतून २००९ पासून शहरात येऊ लागले.

या हकिगतीत एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. जवळची नदी वापरून झाली आणि तिचा नाला झाला. तेव्हा दूरची नदी आणली. ती आटली तेव्हा त्याहून दूरची आणली. प्रत्येक वेळी घेणे वाढले. ज्या ठिकाणाहून घेतले तेथे परत काय दिले, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. चक्राचा अर्धा भाग फिरत राहिला आणि अर्धा थांबला. अर्धे चक्र फार काळ फिरत नाही. जमिनीखालच्या पाण्याचीही हीच अवस्था आहे. संपूर्ण राजस्थानात दरवर्षी पावसाने जेवढे पाणी भूमीत मुरते, त्याच्या जवळजवळ दीडपट उपसले जाते, असे केंद्रीय भूजल मंडळाचे अलीकडचे मूल्यमापन सांगते. पूर्वजांनी हजारो वर्षांत साठविलेली ठेव एका पिढीने मोडून खावी, तसा हा प्रकार आहे.

शिवाय घेतलेले पाणी कोणाच्या तरी वाट्याचे असते. जून २००५ मध्ये टोंक जिल्ह्यातील सोहेला येथे बिसलपूरचे पाणी आपल्या शेतांस मिळावे म्हणून शेतकरी रस्त्यावर आले. तेथे झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. धरण त्यांच्या जिल्ह्यात, आणि शेते मात्र तहानलेली. याचा दोष एका कोणावर ठेवावा, हा येथे मुद्दा नाही. गृहस्थाने एवढेच मनात आणावे की नळाच्या पाण्याला एक उगम असतो, त्या उगमापाशी माणसे असतात, आणि त्यांचे ऋण आपल्या माथ्यावर असते.

येथे एक शंका उपस्थित होते. यज्ञ म्हणजे वेदीवर अग्नी प्रज्वलित करून त्यात आहुती देणे. नदी, तलाव आणि झाडे यांच्या रक्षणास यज्ञ म्हणणे ही अर्थाची ओढाताण नव्हे काय?

समाधान असे की, गीतेने स्वतःच यज्ञ शब्दाचा अर्थ विस्तारला आहे. चौथ्या अध्यायात द्रव्ययज्ञ, तपोयज्ञ, स्वाध्याययज्ञ, ज्ञानयज्ञ असे अनेक यज्ञ सांगितले असून ते सर्व कर्मातून उत्पन्न होतात असे म्हटले आहे. सर्वांच्या धारणेसाठी, फळावरील एकट्याचा हक्क सोडून, नियमपूर्वक केलेले कर्म हे त्या सर्वांचे समान लक्षण मानता येईल. हे लक्षण हातात फावडे घेतलेल्या माणसाच्या कर्मास लागू पडते की नाही, हे उदाहरणानेच पाहावे. त्यासाठी वैशालीनगरातून फार दूर जाण्याची गरज नाही.

अजमेरच्या रस्त्याने पश्चिमेकडे गेले म्हणजे जयपुरापासून सुमारे ८० किलोमीटरवर, दूदूच्या परिसरात, लापोडिया नावाचे गाव लागते. १९७७ च्या सुमारास या गावची स्थिती शोचनीय होती. तलाव फुटलेले, गायरान उजाड, जनावरे भुकेली आणि तरुण मजुरीसाठी परगावी गेलेले. त्या सुमारास जयपुरात शिकणारा लक्ष्मणसिंह हा अठरा-वीस वर्षांचा तरुण गावी आला. गावाची ती दशा पाहून त्याने एका सोबत्यासह फुटक्या तलावाच्या बांधावर माती टाकण्यास आरंभ केला. प्रथम लोक पाहत राहिले. मग एकेक जण येऊन मिळाला. कालांतराने गावाचे तलाव पुन्हा उभे राहिले. त्यांना गावकऱ्यांनी देवसागर, फूलसागर आणि अन्नसागर अशी नावे दिली. पाणी हे प्रथम देवाचे, मग सृष्टीचे, मग अन्नाचे, असा भावार्थ त्या नावांतून सहज निघतो.

याच गावाने गायरानासाठी ‘चौका’ नावाची पद्धत घडविली. उतारावर तीन बाजूंनी मातीच्या ठेंगण्या पाळी घालून चौकोन आखावयाचे. पावसाचे पाणी त्यांत वीतभर उभे राहते, भूमीत मुरते, आणि अधिक झालेले पाणी पाळीच्या टोकावरून पुढच्या चौकोनात उतरते. असे एकातून दुसऱ्यात जात ते शेवटी तलावास मिळते. खोल खड्डा खणला तर गवत कुजते; पाणी उथळ राहिल्यामुळे येथे गवत तरारून येते. गवतावर गाई जगल्या, गाईंवर संसार उभे राहिले. पक्षी व झाडे यांना अभय देण्याचा गावाने संकल्प केला. दरवर्षी पदयात्रा काढून तलाव व वृक्ष यांच्या पूजनाची प्रथा पाडली. पुढे ही पद्धत पन्नासाहून अधिक गावांत गेली. २०२३ मध्ये लक्ष्मणसिंह यांना भारत सरकारने पद्मश्री देऊन गौरविले.

चौक्याची रचना बारकाईने पाहिली म्हणजे यज्ञचक्राचे मर्म डोळ्यांसमोर उभे राहते. प्रत्येक चौकोन आपल्यापुरते पाणी ठेवतो आणि उरलेले पुढच्यास देतो. स्वतः कोरडा राहून देणे त्याला सांगितलेले नाही. सर्व अडवून ठेवण्याची त्याला मुभाही नाही. यज्ञ करून उरलेले सेवन करणाऱ्यांची गीतेने जी प्रशंसा केली आहे, तिचा याहून सोपा दृष्टांत सापडणे कठीण.

मात्र पाणी अडविणे हे स्वतःच पुण्यकर्म आहे, असा अर्थ यातून काढू नये. रामगडच्या पाणलोटातही बांध होतेच, आणि जलाशयाकडे येणारे पाणी घटण्याच्या कारणांत त्यांची गणना झाली. जेथे प्रत्येक जण आपल्यापुरते अडवितो आणि पुढच्याचा विचार करीत नाही, तेथे बांध हीसुद्धा चोरीच ठरते. यास्तव श्रमाच्या जोडीला वाटणीचा नियम लागतो.

असा नियम अलवर जिल्ह्यातील अरवरी नदीकाठच्या लोकांनी घालून दिला. तेथे १९८५ मध्ये तरुण भारत संघाचे राजेंद्रसिंह व त्यांचे सहकारी गोपालपुरा गावी आले. शिक्षण व औषधोपचार यांचे कार्य करावे असा त्यांचा मानस होता. गावातील वृद्धाने मात्र त्यांना जोहड, म्हणजे पावसाचे पाणी साठविण्याचे मातीचे तळे, खणावयास सांगितले. त्या एका जोहडापासून शेकडो जोहड झाले. अरवरीच्या खोऱ्यातील गावांनी श्रम व द्रव्य देऊन बांध घातले, आणि पावसाळ्यानंतर कोरडी पडणारी अरवरी १९९५ च्या सुमारास बारमाही वाहू लागली.

नदी वाहू लागली आणि तिच्यावरील हक्काचा वादही सुरू झाला. नदीतील मासे धरण्याचा परवाना शासनाने ठेकेदारास दिला, तेव्हा गावकऱ्यांनी त्यास विरोध केला. नदी जिवंत करताना जे आले नाहीत, ते तिचे फळ नेण्यास आले, अशी त्यांची भावना होती. या प्रसंगातून १९९९ मध्ये बहात्तर गावांची अरवरी संसद स्थापन झाली. उसासारखी फार पाणी पिणारी पिके टाळावी, नदीतून थेट उपसा मर्यादित ठेवावा, हिरवी झाडे तोडू नयेत, असे नियम तिने केले. या संसदेस कायद्याचे बळ नाही. तिचे बळ परस्परांच्या शब्दाचे आहे. महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावीही हाच मार्ग दिसतो. तेथे दरवर्षी पडलेल्या पावसाचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावरून कोणती पिके घ्यावी हे ठरते.

आता दुसरी शंका. हे सर्व खेड्यांस शक्य आहे. शहरातील गृहस्थास ना तलाव, ना गायरान. कर भरला की त्याचे कर्तव्य संपले, बाकीचे शासनाने पाहावे, असे का म्हणू नये?

शासनाचे कर्तव्य मोठे आहे, यात संशय नाही. द्रव्यवतीचे पुनरुज्जीवन करण्याचे काम २०१६ मध्ये जयपूर विकास प्राधिकरणाने हाती घेतले. सुमारे ४७ किलोमीटर लांबीच्या या पात्रासाठी शेकडो कोटी रुपये खर्चून काठ बांधले, सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे उभारली, आणि २०१८ मध्ये त्याचा काही भाग लोकांस खुला केला. परंतु धनाने काठ बांधता येतो, नदीविषयीची वृत्ती बांधता येत नाही. घराघरांतून केरकचरा व मैला पात्राकडे जातच राहिला, तर कितीही मोठे यंत्र ते शुद्ध करण्यास पुरे पडणार नाही. जी नदी एके काळी शहराची तहान भागवीत होती तिला नाला म्हणावयास लोक शिकले. तिला पुन्हा नदी म्हणावयास शिकणे हे कर भरून होणारे काम नव्हे.

तेव्हा वैशालीनगरातील, किंवा पुणे, नागपूर, इंदूर अशा कोणत्याही नगरातील गृहस्थाने काय करावे? पहिले, आपल्या गच्चीवर पडणारे पावसाचे पाणी गटारात जाऊ न देता ते भूमीत मुरेल अशी व्यवस्था करावी. दोनशे चौरस मीटर गच्चीवर ५०० मिलीमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी होते. त्यातील बराचसा भाग भूमीस परत देता येतो. दुसरे, अंगण सर्वस्वी फरशीने न झाकता काही भूमी उघडी ठेवावी आणि त्या मातीत निंब, खेजडी यांसारखे कमी पाण्यावर जगणारे झाड लावावे. तिसरे, वस्तीतील शेजाऱ्यांनी एकत्र बसून उपसा व वापर यांचा नियम ठरवावा. एकट्याचा संयम त्यास पावन करील खरा. चक्र मात्र सर्वांच्या संयमानेच फिरते. चौथे, देवाच्या नावाने जलाशयात निर्माल्य, प्लास्टिक वा मूर्तीचे रंग टाकू नयेत. ज्याच्या पूजेने नदी मलिन होते, त्याची पूजा देवापर्यंत पोहोचत नाही.

ही कर्मे लहान आहेत. त्यांनी बनास नदीचे ऋण एका पावसाळ्यात फिटणार नाही. पण लापोडियात पहिल्या दिवशी बांधावर टाकलेली मातीही काही टोपल्यांपुरतीच होती. फळ आपल्या हयातीत दिसेल की नाही, याची चिंता न करता कर्म आरंभावे, हा तर गीतेचा मूळ उपदेश आहे. त्याचे आचरण करण्यास रणांगण लागत नाही. आपली गच्ची आणि आपले अंगणही पुरेसे आहे.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या घरातील पाणी कोणत्या नदीचे वा कोणत्या भूमीतील आहे? त्या उगमापाशी राहणाऱ्या लोकांस ते पुरेसे मिळते काय?

२. चौक्याच्या रचनेत प्रत्येक चौकोन आपल्यापुरते ठेवून उरलेले पुढे देतो. आपल्या गृहस्थाश्रमात असे ‘पुढे देणे’ कोणत्या गोष्टींत घडते, आणि कोणत्या गोष्टींत थांबले आहे?

३. अरवरीच्या गावांनी परस्परांच्या शब्दावर नियम चालविले. आपल्या वस्तीत पाण्याविषयी एखादा नियम करावयाचा झाल्यास तो कोणता असावा, आणि त्याचे पालन प्रथम कोणी करावे?