कानमंत्र: ताकद कुठे राखायची, कुठे खर्चायची

पोरी, चाकाची खुर्ची घरात आली म्हणजे आता सगळी आळी तुला शहाणपण शिकवणार. कुणी तेल सांगेल, कुणी देव सांगेल, कुणी ठाण्याचा डॉक्टर. ऐकून घे, मान हलव, चहा पाज. पण तुझी आत्या लहानपणापासून कुबड्यांवर हिंडलेली आहे, तेव्हा तिचेही चार शब्द ऐक. सांगायचं एकच आहे: अंगातली ताकद मोरीत, पायरीवर आणि उंबरठ्यावर संपवायची नाही, ती आपल्या चित्रकलेसाठी आणि मजेसाठी राखायची. त्याला लागतात त्या बारीकसारीक सवयी अशा.

१. झोपण्याआधी खुर्चीचे ब्रेक, टायरची हवा आणि कुबडीचं रबरी बूच चाचपून बघ — पावसाळ्यात जांभ्याच्या पायरीवर शेवाळ धरलं की झिजलेलं बूच आधी दगा देतं.

२. समुद्रावरून आलीस की चाकं गोड्या पाण्याने धू, कोरडी पूस आणि शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोड. खोबरेल नको, ते चिकटतं — खारी हवा लोखंड खाते. आळस केला तेलाचा, खर्च आला चाकाचा.

३. पुढच्या लहान चाकांच्या आसाला केस आणि दोरे गुंडाळतात, ते आठवड्याला एकदा कात्रीच्या टोकाने काढ — नाहीतर खुर्ची जड चालते आणि तू उगाच आपल्या खांद्याला दोष देत बसतेस.

४. पडवीला उतार करताना गवंड्याला माप सांग: दर इंच उंचीला फूटभर लांबी — त्याच्या अंदाजावर सोडलंस तर घसरगुंडी होईल आणि दर वेळी ढकलायला माणूस शोधावा लागेल.

५. पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचल, नाहीतर एका अंगावर कल. रात्री आरशात माकडहाडाकडची कातडी बघ — आपल्याकडच्या घामात ती लवकर हुळहुळते, आणि लाल डाग वेळेवर दिसला तर जखमेपर्यंत जात नाही.

६. बाहेर जायचं म्हणून पाणी पिणं तोडू नकोस. वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी विचारून निघ — पाणी कमी प्यायलं की लघवीचा संसर्ग लवकर होतो. लाजेने तहान मारली, तापाने कंबर धरली.

७. मांडीवर गरम पातेलं ठेवण्याआधी लाकडी फळी घे — बधिर कातडीला चटका कळत नाही, कळतो तो फोड आल्यावर.

८. जमिनीवरच्या विळीशी भांडत बसू नकोस, टेबलाला आवळून बसवायची खवणी आण — नारळ तोच, सोलकढी तीच, फक्त तुझी कंबर वाचते.

९. कधी कुबड्या घेतल्यास तर भार तळहातांवर घे, बगलेवर नको — बगलेतली नस दबली की हात बधिर पडतो, मग रंग कोण भरणार?

१०. मदतीला आलेल्याला नेमकं सांग, ‘इथे धर, तिथे नको’ — हातटेकू आणि पायटेकू निघणारे असतात. चौघांनी तिथेच धरून उचललं तर पायटेकू त्यांच्या हातात आणि तू पायरीवर. सांगणं नेमकं, तर उचलणं नेटकं.

११. ‘कसं झालं गं?’ याला एका ओळीचं उत्तर तयार ठेव — नाहीतर बाजारात भाजी कमी आणि कहाणी जास्त होते. पोरांनी विचारलं तर मात्र निवांत सांग, चाक फिरवू दे.

१२. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, हाताला लागेल अशा जागी ठेव, आणि एकेक प्रत परगावच्या नातलगाकडे दे — ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आपल्या अलिबागच्या किनाऱ्यावरची कौलं आणि पत्रे उडवले होते.

१३. जून लागण्याआधी औषधांचा जादा साठा कर, दिवा चार्ज करून ठेव, आणि बॅटरीची खुर्ची घेतलीस तरी हाताने ढकलायची मोडीत काढू नकोस — निसर्गनंतर कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती.

१४. एसटीत कार्ड आधी दाखव, मग बस: ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, आणि ते ६५ टक्क्यांच्या पुढे असेल तर सोबत्याला अर्धं तिकीट — तो नियम आहे, कंडक्टरची मेहेरबानी नाही.

१५. मुंबईला निघालीस तर मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो बघ, २०२० पासून चालू आहे — गाडीत बसूनच बोटीत शिरता येतं, हलत्या लाँचवर पाऊल टाकायची कसरत नको.

१६. पुळणीवर जायचं तर आधी तिथी बघ: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, पुढे सहा तासांनी ओहोटी — पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी पाचनंतर ओली, घट्ट वाळू लांबवर उघडी पडते आणि चाक रुतत नाही. पाणी वळायच्या आत माघारी फीर.

१७. पोहायला शिकायचं तर समुद्राआधी तलाव, आणि सोबत शिकवणारा हवाच — पाण्यात अंग हलकं होतं. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, पोहायला लागले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले.

१८. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. अर्ज लेखी दे आणि पोच घे — तोंडी मागणं वाऱ्यावर, लेखी मागणं टेबलावर.

१९. कामाचं टेबल एकदाच मांड, ब्रश, कात्री, पाणी सगळं हाताच्या टप्प्यात, आणि घरच्यांना ते आवरू देऊ नकोस — सामान काढण्यातच दम गेला तर चित्राला काय उरणार?

२०. ब्रशच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळ — दांडा जाड झाला की सैल पकडीतही राहतो आणि बोटं उशिरा दमतात.

२१. पेणला एखाद्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन आखणी बघून ये: कारागीर मांडी घालून बसतो, श्वास रोखतो आणि एका रेषेत डोळा उघडतो — त्या कामाला पाय लागत नाहीत, नजर आणि मनगट लागतं. घरी शाडू घेतलास तर थांबताना ओलं फडकं झाक, माती तुझ्यासाठी थांबेल.

२२. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ विणायला शीक. वाळलेली पात तीन पदरी घेत एकेक कांदा आत ओढून घ्यायचा असतो — बसून होणारं काम आहे, आणि या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून गिऱ्हाईक तो नावाने मागतं.

२३. किंमत कामाची सांग, खुर्चीची नको — दयेचं गिऱ्हाईक एकदा येतं, आवडीचं गिऱ्हाईक दरसाल येतं.

२४. नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे पुस्तक उशाशी ठेव — कोल्हापूरची ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ त्यांनी खुर्चीत बसूनच उभी केली. आपल्याआधी कुणी वाट तुडवली आहे हे माहीत असलं की पाय चालत नसले तरी धीर येतो.

२५. आपल्यापेक्षा वेगळी अडचण असलेल्यांशी मैत्री कर — स्वागत थोरात यांनी अंध वाचकांसाठी २००८ साली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक काढलं. ते बोटांनी वाचणाऱ्या मैत्रिणीकडून तुला कापडाचा आणि मातीचा पोत नव्याने कळेल.

२६. अंग साथ देत नाही त्या दिवशी फक्त ब्रश धुऊन ठेव आणि खुशाल झोप — स्वच्छ ब्रश दुसऱ्या दिवशी स्वतःहून हात पुढे करायला लावतो.

आता लगेच सव्वीसच्या सव्वीस करायला बसू नकोस. या आठवड्यात दोनच: चाकाला तेल आणि ग्रामपंचायतीचा अर्ज. पटणार नाही ते सोड, तुला नवं काही सुचलं तर मला शिकव. आणि पहिलं चित्र विकशील तेव्हा पुरते पैसे घे, गिऱ्हाईक आत्या असली तरी.