ऑल-इन-वन संगणक घ्यावा काय?

प्रश्न : सीताबर्डीच्या बाजारात पाहिलेला अल्पमोली ऑल-इन-वन संगणक मुलांच्या अभ्यासासाठी घ्यावा काय? – एक वाचक, नागपूर

उत्तर : पडद्याच्या पाठीशीच सारी यंत्रणा सामावलेला हा संगणक जागा वाचवितो हे निर्विवाद असले, तरी त्यात बहुधा लॅपटॉपच्या जातीचा, मदरबोर्डाशी कायम जोडलेला प्रोसेसर असल्याने तो पुढे बदलता येत नाही, आणि पडदा निकामी झाल्यास संपूर्ण यंत्रच दुरुस्तीस न्यावे लागते, हे ध्यानी घ्यावे. किमान ८ जीबी रॅम व २५६ जीबी एसएसडी असल्याची खातरजमा करावी. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या नागपुरात यंत्राची पाठ भिंतीला टेकू देऊ नये. आणि त्यात सहसा बॅटरी नसल्याने यूपीएस आवश्यक समजावा. शहरात दुरुस्तीची तजवीज नसल्यास साधा डेस्कटॉपच घ्यावा.