आडनाव काय त्याचं?



शाळा सुटली की लेकरू धावत घरी येतं आणि सांगतं, "आज मला नवीन मित्र मिळाला!" तो धावतो किती जोरात, डब्यात काय आणतो, हे लेकराला सांगायचं असतं. आपण मात्र सहज विचारून जातो, "आडनाव काय त्याचं?" मीही माझ्या मुलीला हेच विचारलं होतं. पुढच्या खेपेला ती मैत्रिणीचं आडनाव आधी विचारूनच घरी आली. मला फार वाईट वाटलं, कारण हे तिला मीच शिकवलं होतं.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात एकाच वर्गात पोवार, कुणबी, गोंड, हलबा, ढिवर, बौद्ध, मुस्लीम घरांतली मुलं बसतात. कोणाच्या घरी पोवारी बोलतात, कोणाच्या गोंडी, कोणाच्या झाडीबोली, कोणाच्या हिंदी. आडनाव ऐकताच आपला चेहरा बदलतो आणि तो बदल मूल अचूक टिपतं.

याचा मुलांवर काय परिणाम होतो? कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावर वाट शोधायची कोडी दिली. जात उघड नव्हती तेव्हा सगळी मुलं जवळपास सारखीच ठरली. जिथं सर्वांसमोर जात वाचून दाखवली, तिथं खालच्या मानलेल्या जातींतली मुलं मागे पडली. कोडी तशीच होती, मुलांची बुद्धीही कमी नव्हती. चारचौघांत जात उच्चारली जाणं एवढं जड असतं.

वेगवेगळ्या जातींच्या लोकांना नुसतं जवळ आणूनही भागत नाही. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशातच वेगवेगळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेटचे सामने भरवले. एका संघातून खेळलेल्यांची परजातीत मैत्री वाढली, पण समोरासमोर लढलेल्यांची तशी मैत्री वाढली नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच सांगून ठेवलं होतं की दुरावा मिटायला बरोबरीचा मान हवा, सगळ्यांचं एकच ध्येय हवं, एकमेकांची साथ हवी आणि ज्यांचा शब्द चालतो त्यांचा पाठिंबा हवा. आपल्याकडं रोवण्याच्या दिवसांत एकाच बांधीत बायका खांद्याला खांदा लावून वाकतात. पण काहींसाठी पाण्याचा गुंड वेगळा ठेवला, तर त्या सोबतीत बरोबरी कुठून येणार?

घरात शब्द चालतो तो आपला, म्हणून यातला पाठिंबा तरी तुमच्या-माझ्या हातात आहे. मुलाच्या मित्राला घरी बोलवा, त्याच पंगतीत, तशाच ताटात वाढा. त्याच्या बोलीतला एखादा शब्द तुम्हीही शिकून घ्या. दिवाळीनंतर मंडईला निघाल की त्यालाही सोबत न्या. घरात कोणी एखाद्या जातीला नावं ठेवली, तर मुलांदेखतच थांबवा, कारण आपलं गप्प राहणंही मूल ऐकत असतं.

आणि उद्या लेकरू नव्या मित्राचं नाव घेऊन आलं, तर त्याला मनात आहे तेच सांगू द्या. तो धावतो किती जोरात, डब्यात काय आणतो, हे सगळं नीट ऐका.