वाचकांचे प्रश्न : एका सहीची किंमत

प्रश्न : मी 36 वर्षांचा, डिप्लोमा मेकॅनिकल. भोसरीजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात 11 वर्षे 8 महिने क्वालिटी विभागात आहे. आमच्या शेडमध्ये डिझेल इंजिनाचे भाग तयार होतात. पूर्वी तीन पाळ्या चालायच्या, आता एकच चालते, तीही रडतखडत. कारखान्यात 450 कामगार आहेत. मागच्या आठवड्यात एचआरने केबिनमध्ये बोलावले. ‘स्वतःहून राजीनामा दिलात तर साडेतीन लाखांच्या आसपास मिळतील, नंतरचे सांगता येत नाही,’ म्हणाले. छापील राजीनामा पुढे सरकवला, तारखेची जागा मोकळी होती. ‘उद्या देतो’ म्हणून उठलो. माझा हुद्दा असिस्टंट मॅनेजर असल्याने कामगार कायदा लागू होत नाही, असेही ते म्हणाले.

एकूण पगार 52,000. त्यात बेसिक आणि डीए मिळून 26,000. बँकेत 2,40,000 ची एफडी. घराचा हप्ता 17,500. पत्नीला शिकवण्यांचे 9,000 मिळतात, मुलगी दुसरीत आहे. आईला मधुमेह आहे आणि ती कंपनीच्या मेडिक्लेमवर आहे. मित्र म्हणतो एमपीएससी दे. मेहुणा म्हणतो पीएफ काढ, सहा लाखांत चहाची फ्रँचायझी मिळते. घरी काहीच सांगितलेले नाही, रोज डबा घेऊन निघतो. काय करू?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : ‘उद्या देतो’ म्हणून उठलात, हे उत्तम केलेत. आता ती सही केवढ्याची आहे, ते पाहू.

आधी साडेतीन लाखांची फोड करा. ग्रॅच्युइटीचा हिशेब शेवटचा बेसिक आणि डीए भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षे असा असतो. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची वर्षे 12. वर्षाला 15,000 प्रमाणे 1,80,000 रुपये झाले. त्यात तीन महिन्यांचा पगार, 1,56,000, मिळवला की होतात 3,36,000. एचआरचा ‘साडेतीन लाखांच्या आसपास’चा आकडा बहुधा हाच. पण पाच वर्षे पूर्ण झालेल्याला ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळते, काढून टाकले तरी मिळते. ती तुमचीच आहे. तेव्हा तुमच्या सहीसाठी कंपनी देऊ करते आहे ते फक्त तीन महिन्यांचे वेतन.

आता कंपनीने रीतसर कपात केली तर काय, ते पाहा. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार 300 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कपातीपूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागते. कामगाराला कारण दाखवून तीन महिन्यांची लेखी नोटीस किंवा तेवढ्या काळाचे वेतन द्यावे लागते. त्याशिवाय सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून मिळते. महिन्याला 26,000 हेच वेतन धरले तरी 12 वर्षांचे निदान 1,56,000 होतात. नवे कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीतून आणखी 15 दिवसांचे वेतन कपातीनंतर 45 दिवसांत खात्यात यायला हवे. स्वेच्छेने दिलेला राजीनामा कायद्याने ‘कपात’ ठरत नाही, त्यामुळे सही केली की यातली भरपाई आणि निधी दोन्ही गेले.

हुद्द्याचे म्हणाल, तर पत्रावर काय छापले आहे यापेक्षा तुम्ही दिवसभर काय करता, हे न्यायालय पाहते. प्रामुख्याने व्यवस्थापनाचे किंवा प्रशासनाचे काम करणारा कामगार ठरत नाही. देखरेखीचे काम करणारा 18,000 पेक्षा जास्त वेतन घेत असेल तर तोही नाही. पण तांत्रिक आणि कुशल काम करणारा, पगार कितीही असो, कामगार असतो. स्वतःला विचारा : माझ्या हाताखाली कोण आहे? कुणाची रजा मी मंजूर करतो का? कुणाचे अप्रेझल लिहितो का? की मायक्रोमीटर आणि गेज घेऊन भाग तपासतो, रिजेक्शन मोजतो, रिपोर्टवर सही करतो आणि पाळीत इतरांसारखेच पंचिंग करतो? दुसरे खरे असेल तर ‘मॅनेजर’ हा शब्द व्हिजिटिंग कार्डापुरता आहे.

नेमणुकीची आणि पगारवाढीची पत्रे, पगाराच्या स्लिपा, पाळीचे तक्ते, कामाच्या सूचनांचे मेल यांच्या प्रती घरी ठेवा. कंपनीची ड्रॉइंग किंवा ग्राहकाचे कागद मात्र आणू नका, त्याने तुम्हीच अडचणीत याल. एचआरला दोन ओळींचा मेल करा : ‘आपला प्रस्ताव रकमेच्या तपशिलासह लेखी मिळावा. वाचून आठ दिवसांत कळवतो.’ तोंडी धमकी बहुतेक वेळा लेखी मागितली की मवाळ होते. सही न केल्यास बदलीचे पत्र येऊ शकते. आले तर रागाने घरी बसू नका. गैरहजेरी तुमच्याविरुद्ध वापरली जाईल. लेखी उत्तर द्या आणि कामगार कायद्याच्या वकिलाला कागद दाखवा. वाद कामगार आयुक्त कार्यालयात समेटासाठी नेता येतो. सेवा संपल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, पण तितके थांबू नका.

राजीनामा द्यायचाच नाही, असे माझे म्हणणे नाही. कोर्टाची वर्षे, चांगले अनुभवपत्र, पुढच्या कंपनीत जाणारा फोन यांचाही विचार करावा लागतो. पण मग भाव करा. ग्रॅच्युइटी वेगळी, नोटिशीचे तीन महिने वेगळे आणि भरपाईइतकी रक्कम वेगळी, असे तीन रकाने कागदावर मागा. नोकरी संपल्यावर थकीत वेतन दोन कामाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी 30 दिवसांत मिळायला हवी. तेव्हा फुल अँड फायनलसाठी महिनोन्महिने खेटे घालायचे कारण नाही.

आता ही रक्कम रुपयांऐवजी महिन्यांत मोजू. तुमच्यासारख्या घराचा अंदाजे खर्च मांडतो, आकडे तुम्ही बदला. हप्ता 17,500, किराणा-भाजी 8,000, शाळा आणि व्हॅन 4,500, वीज, गॅस, मेंटेनन्स, फोन 4,000, आईची औषधे 2,500, पेट्रोल 1,500. एकूण 38,000. पत्नीचे 9,000 वजा केले की महिन्याला 29,000 ची तूट. एफडी, ग्रॅच्युइटी आणि तीन महिन्यांचे वेतन मिळून 5,76,000 होतात. त्यातले एक लाख दवाखान्यासाठी बाजूला काढा. उरलेल्यावर घर 16 महिने चालेल. कपातीची भरपाई मिळाली तर जवळजवळ 22 महिने. ती सही म्हणजे तुमच्या घरातले पाचहून अधिक महिने आहेत, आणि तिशीत वाट बदलणाऱ्याला भांडवल लागते ते महिन्यांचेच.

पीएफला हात लावू नका. तुमच्या वयात ते खाते व्याज कमावत राहते आणि नव्या नोकरीत यूएएनवरून हलवता येते. दहा वर्षांची सेवा झाल्यामुळे तुम्ही 58 व्या वर्षी पेन्शनला पात्र आहात. पुढची नोकरी लगेच नसेल तर पेन्शनचे स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवा.

मेडिक्लेमचे काम मात्र याच आठवड्यात करा. ग्रुप पॉलिसी साधारणपणे नोकरीबरोबर संपते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी नोकरीत असतानाच अर्ज करा, म्हणजे आईच्या मधुमेहासाठीच्या प्रतीक्षाकाळात आधीची वर्षे धरली जातील. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा भार कमी झाला आहे. घरकर्जाच्या बँकेत हप्ता चुकण्याआधी जा आणि मुदत वाढवून हप्ता कमी होतो का, ते विचारा. हाती आलेली रक्कम कर्जात एकरकमी भरू नका. ती तुमच्या 16 महिन्यांची शिदोरी आहे.

राहिला पुढच्या वाटेचा प्रश्न. एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38, मागास प्रवर्गांना 43 आहे. अभ्यासाची सवय सुटून दशक झाले, घरात हप्ता चालू आहे, आणि खुल्या प्रवर्गात असाल तर हाती जेमतेम दोन वर्षे. ही वाट मी तुम्हाला सुचवणार नाही.

चहाचा हिशेब मेहुण्यासमोर मांडा. समजा भाडे 25,000, दोन पोरांचा पगार 30,000 आणि वीज-गॅस 5,000, म्हणजे महिन्याला 60,000. दहा रुपयांच्या कपात पाच सुटले तर 12,000 कप, रोज 400 कप विकल्यावर खर्च भागला. तुमच्या घरातले 29,000 चारशे एकाव्या कपापासून सुरू होतात, आणि फ्रँचायझीवाल्याचा वाटा असेल तर तो वेगळा. दोन शनिवार सकाळी सहा ते रात्री नऊ एखाद्या तशाच दुकानासमोर बसा आणि कप मोजा. मोजायची सवय तुम्हाला आहेच.

किंबहुना तीच तुमची खरी पुंजी आहे. इलेक्ट्रिक गाडीला पिस्टन आणि इंजेक्टर लागत नाहीत, म्हणून तुमची लाइन आटली. पण मोजमाप तिथेही लागते, आणि वैद्यकीय उपकरणे, औषधांच्या यंत्रसामग्रीचे भाग, विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्यांकडे तर जास्तच. एनएबीएल मान्यतेच्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळांना गेज ओळखणारा माणूस हवा असतो. आयएसओ 9001 चा लीड ऑडिटर कोर्स पाच दिवसांचा आहे. आयएटीएफ 16949 तुम्ही कारखान्यात पाळत आला आहात, त्याच पायावर आयएसओ 13485 हे वैद्यकीय उपकरणांचे मानक शिकता येईल. सीएमएम हे मोजमापाचे यंत्र नीट चालवता येत नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूमसारख्या संस्थांत अभ्यासक्रमांची चौकशी करा. पहिल्या वर्षी पगार 38,000 वर उतरला तरी घाबरू नका. पत्नीच्या कमाईसकट तुमचे घर त्यात चालते, हे वरच्या यादीत दिसतेच. नोकरी आहे तोवरच अर्ज पाठवा. कामावर असलेल्या माणसाशी पगाराची बोलणी वेगळ्या सुरात होतात.

आणि आज रात्री घरी सांगा. 38,000 ची यादी मी अंदाजाने केली. ती खरी करणे तुमच्या पत्नीलाच जमेल, कारण भाजीचा आणि शाळेचा हिशेब त्यांच्याकडे आहे.

प्रश्न : मी 34 वर्षांची, चाकणला ठेकेदारामार्फत चार वर्षे पॅकिंगला आहे. पगार 19,000, ईएसआय कापला जातो. काम संपले म्हणून ठेकेदार 20 बायकांकडून एकदमच राजीनामे लिहून घेतो आहे. मला शिवणकामाचा व्यवसाय करायचा आहे. सही केली तर काय बिघडेल?
– एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : ताई, तुमच्या बाबतीत तर बरेच बिघडेल. कपात झालेल्या किंवा कारखाना बंद पडलेल्या विमेदारासाठी ईएसआयची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. दोन वर्षांचे अंशदान भरलेले असले की पहिले वर्षभर वेतनाच्या 50 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 25 टक्के बेरोजगारी भत्ता मिळू शकतो, शिवाय दवाखाना चालू राहतो. स्वतःहून राजीनामा दिलेल्याला हा लाभ मिळत नाही. ‘काम संपल्यामुळे कमी केले’ असे पत्र मागा, आणि तुमच्या ईएसआय शाखेत अंशदानाच्या नोंदी तपासून घ्या. 20 जणी एकत्र जाऊन मागितलेत तर ठेकेदाराला टाळणे जड जाईल.

शिवणकामासाठी मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून जिल्हा उद्योग केंद्रामार्फत बँकेच्या कर्जावर अनुदान मिळू शकते. पण कर्जाआधी मागणी पाहा. एक मशिन घेऊन सुरुवात करा. शाळेचे गणवेश आणि ब्लाउज यांची तीन महिन्यांची खरी वही लिहा. बँकेचा अधिकारी तुमच्या प्रकल्प अहवालाच्या आधी ती वही पाहील.

आणि ठेकेदाराने पुढे केलेल्या कोणत्याही कागदाचा, सही करा वा न करा, आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.