उपाशीपोटी हिशेब

मुलगा न्यू जर्सीत असतो. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे निघालो, तेव्हा शहापूरचे शेजारी म्हणाले, "मास्तर, जाताच आहात तर सगळ्या अंगाची तपासणी तिकडेच उरका. तिकडची मशीनं पक्की." मलाही पटलं. पुढे जे कळत गेलं ते क्रमाने लिहितो.

१. प्रवासाचा विमा तपासणीला चालत नाही. तो अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी असतो. चालत्याबोलत्या माणसाच्या रक्तलघवीचे पैसे त्यातून मिळत नाहीत. जुना मधुमेह, जुनं बीपी यांनाही बहुतेक पॉलिसी दारातच अडवतात. २०१० च्या कायद्यामुळे मुलाची वर्षाची तपासणी त्याच्या विम्यातून फुकट होते. आईबाप त्यात बसत नाहीत.

२. आकडा आधी, तोही लेखी घ्यावा. २०२२ पासून अमेरिकेत असा नियम आहे की, विमा नसलेल्या रुग्णाने मागितल्यास दवाखान्याने खर्चाचा अंदाज लिहून द्यायचा. बिल त्याहून ४०० डॉलर किंवा अधिक वाढलं तर रुग्णाला दाद मागता येते. मुलाने अंदाज मागवला. आला ६८० डॉलरचा, म्हणजे छप्पन हजारांच्या वर. त्यात रक्त, लघवी, ईसीजी आणि डॉक्टरांची फी, सोनोग्राफी वेगळी. हिने विचारलं, "दोघांचे ना?" एकाचे, म्हटल्यावर म्हणाली, "मग माझं राहू दे, तुमचं तेवढं करा." हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतोय, साडीपासून चष्म्यापर्यंत. शेवटी दोघांचंही राहिलं.

३. मापं बघून आकडे वाचावेत. मुरबाडची माझी बहीण लेकीकडे इंग्लंडला गेली होती. तिथे खासगीत तपासणी करून आली आणि फोनवर आनंदाने म्हणाली, "दादा, साखर फक्त सात!" तिकडे साखर वेगळ्या मापात मोजतात. त्यांच्या आकड्याला अठराने गुणलं की आपला आकडा येतो. सातचे झाले १२६. उपाशीपोटी १२६ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. आनंदाने बासुंदी खाल्ली होती बिचारीने.

४. वाटखर्च आणि उपास दोन्ही धरून हिशेब करावा. परत आल्यावर कल्याणला एका लॅबमध्ये माणशी २,८०० रुपयांचं पॅकेज घेतलं. स्वस्तच. पण बारा तास उपाशी राहून पहाटे रिक्षाने आसनगाव, तिथून लोकल. भातसा-तानसाचं आमचं पाणी मुंबईकडे जातं, मागोमाग आम्ही रक्त द्यायला. हिने नेहमीप्रमाणे सकाळची साखरेची गोळी घेतली. उपाशी असताना ती घ्यायची की नाही, हे लॅबने सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नाही. खडवली गेलं आणि हिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. भाजीच्या पाट्या घेऊन निघालेल्या एका बाईने कनवटीची पेपरमिंट काढून तोंडात घातली, पाठोपाठ थर्मासमधला गोड चहा पाजला. हिचा जीव वाचला आणि उपास मोडला. तपासणी पुढच्या आठवड्यात, पुन्हा रिक्षा, पुन्हा लोकल. मुरबाडकरांना तर रेल्वेच नाही; त्यांनी एसटीत काय करायचं? सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी कुठल्याच पॅकेजवर छापलेली नसते. मधुमेह्याने गोळीचं आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारावं आणि पिशवीत खडीसाखर ठेवावी.

५. पासष्ट चाचण्या म्हणजे आपल्या चाचण्या असतीलच असं नाही. आमच्या पॅकेजमध्ये जीवनसत्त्वं होती, थायरॉइड होतं. सिकलसेल नव्हता. आमच्या डोंगरपट्ट्यातल्या आदिवासी पाड्यांवर आधी तोच बघायला हवा. शिवाय सिकलसेलचा आजार असलेल्याची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी फसवी येऊ शकते. चकचकीत कागदावर 'नॉर्मल' लिहून येतं आणि माणूस निर्धास्त होतो.

६. पावती जपावी. जुन्या पद्धतीने प्राप्तिकर भरणाऱ्याला अशा तपासणीसाठी ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, पैसे रोख दिले असले तरी. माझी पावती शर्टाबरोबर धुतली गेली.

७. उपकेंद्राचं दार आधी वाजवावं. तिशीपुढच्या माणसाचं बीपी आणि साखर तिथे फुकट बघतात, तोंडाच्या कर्करोगाचीही तपासणी करतात. हे मला आशाताईंनी सांगितलं, मी अमेरिकेला जाऊन आल्यावर. आता हिचं बीपी दर महिन्याला सिस्टर मोजतात. तो आकडा मी भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहितो आणि पानाचा फोटो मुलाला पाठवतो. परवा त्याचा घाबरून फोन आला, "बाबा, १४२/८८ कळलं. पण पुढे रोज दीड-दीड काय लिहिलंय?"

दूध, म्हटलं.