ग्लासातला गाळ कुणाचा?

छोटे, तू पाठवलेला फोटो पाहिला. एका ग्लासात तुमच्या बोअरचं पाणी, लालसर तपकिरी, वर घाणेरडा फेस. शेजारच्या ग्लासात त्या आरओ विकणाऱ्या माणसाच्या मशीनचं पाणी, एकदम नितळ. आणि खाली तुझा मेसेज, ‘ताई, इतके दिवस आम्ही हे पीत होतो?’

नाही गं बाई. तो गाळ तुमच्या पाण्यातला नाही. त्यानं ग्लासात ज्या सळया बुडवल्या ना, त्यांचा आहे. लोखंडाच्या असतात त्या, काही ॲल्युमिनियमच्या. प्लग लावला की सळई विरघळायला लागते आणि तिचाच गंज पाण्यात गोळा होतो. आरओचं पाणी नितळ राहतं, कारण त्यातले क्षार निघून गेलेले असतात. क्षार नाहीत तर वीज वाहायला काही नाही, आणि वीज वाहिली नाही तर सळई विरघळणार कशी? ही युक्ती गावोगाव चालते. सासूबाईंसमोर तुझी मान खाली जावी असं यात काही नाही. पण तू बी.एस्सी.पर्यंत शिकलेली, म्हणून म्हणते, नुसतं माझ्यावर विश्वास ठेवून गप्प बसू नकोस. स्वतः करून बघ.

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आण, दोन वायरी, आणि दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासून घे. ग्लासावर पुठ्ठा ठेवून त्यातून पेन्सिली पाण्यात सोड. आधी आरओचं पाणी घे, शेजारच्या कुणाकडून मागून आण. बॅटरी जोडली तरी जवळजवळ काही होणार नाही. मग त्यात अर्धा चमचा झिरो झिरो पन्नास टाक. हसू नकोस, सोयाबीनच्या शेंगा भरताना जावईबापू फवारतात तेच. पोटॅशियम सल्फेट आहे ते, या कामाला फार चांगलं. लाल पोटॅश मात्र घेऊ नकोस आणि मीठही नको. त्यात क्लोराइड असतं, पेन्सिलीवर क्लोरीन सुटतो आणि घसा धरतो.

आता बघ. ऋण टोकाच्या पेन्सिलीवर बारीक बुडबुड्यांची दाटी होईल, तो हायड्रोजन. धन टोकावर ऑक्सिजन, पण विरळ. पुस्तकात दोनास एक लिहिलंय, तुला मात्र ऑक्सिजन अर्ध्याहूनही कमी दिसेल; थोडा पाण्यात विरघळतो, थोडा पेन्सिलीतल्या कार्बनलाच खातो. म्हणून तिथलं शिसं हळूहळू झिजतं आणि पाण्यात काळी कणी उतरते. ती कणीसुद्धा पाण्याची नव्हे, पेन्सिलीची. लक्षात आलं ना मी कुठं चाललेय ते?

चिमूटभर हळद टाकलीस तर अजून गंमत. ऋण टोकाभोवती पाणी अल्कधर्मी होतं, तिथली हळद लाल पडते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातला लाल रंग याच कारणानं येतो. मुलांना हे दाखव, शाळेतल्या धनाग्र-ऋणाग्रापेक्षा लवकर कळेल.

दोन-तीन गोष्टी मात्र मोठी बहीण म्हणून दटावून सांगते. घरातल्या प्लगमधली वीज या प्रयोगाला कधीच लावायची नाही, त्या माणसानं लावली म्हणून तर मुळीच नाही. स्टीलचे चमचे बुडवायचे नाहीत, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात येऊ शकतं. आणि दोन्ही वायू एका बाटलीत कोंडून काडी लावायचा हट्ट पोरांनी धरला तर एक धपाटा घाल. हवेत हायड्रोजन चार टक्के झाला तरी पेट घेतो, आणि ऑक्सिजनबरोबर असला तर बाटली फुटते.

आता खरा प्रयोग. पेन्सिली काढ, दोन लोखंडी खिळे लाव. आरओचंच पाणी, ज्याला तो माणूस अमृत म्हणत होता, आणि त्यात चिमूटभर मीठ. इथं मीठ चालतं, कारण क्लोरीन सुटण्याआधी लोखंडच विरघळतं. तरी खिडकी उघडी ठेव. आधी हिरवट ढग उठेल, मग हवा लागली की तपकिरी होईल. थोडा वेळ जाऊ दे आणि ग्लासाचा फोटो काढ. तुझ्या पहिल्या फोटोशेजारी ठेवलास तर कुठला बोअरचा आणि कुठला आरओचा, हे तुलाच सांगता येणार नाही. हे पाणी झाडालाही घालू नकोस, मोरीत ओत.

हे काही नवं नाही. १८०० साली व्होल्टाच्या विद्युतघटाची बातमी लंडनला पोचली, तेव्हा निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी पितळेच्या तारा पाण्यात सोडल्या. एका तारेवर हायड्रोजन आला, दुसरीवर वायूच नाही, तारच काळवंडत गेली. प्लॅटिनमच्या तारा घेतल्या तेव्हा कुठं दोन्ही वायू दिसले. म्हणजे धातू मध्ये पडतो हे त्यांना पहिल्याच झटक्यात समजलं. दोनशे वर्षांनी आपल्या ओसरीवर कुणी तेच दाखवून घाबरवतो, याचा मला जास्त राग येतो. बरं, लोखंडाचा हाच गाळ कारखान्यांच्या सांडपाण्यातली घाण पकडून खाली बसवायला मुद्दाम वापरतात!

तरीही तुमचं पाणी चांगलंच आहे, असं मी म्हणत नाही. आपल्या काळ्या कातळातल्या बोअरचं पाणी जड असतं, डाळ शिजत नाही हे तुलाही माहीत आहे. पण जड पाणी वेगळं आणि घातक पाणी वेगळं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट ४५ च्या वर नको, फ्लोराइड दीडच्या वर नको. पाण्यात क्षार आहेत एवढंच त्याच्या सळयांना कळतं, किती आणि कुठले ते नाही. जंतू तर नाहीच नाही. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त निघालं तर आरओ घ्या, मी स्वतः सांगेन घ्या म्हणून. पण ते मशीन बरंच पाणी वाया घालवतं, आणि उन्हाळ्यात तुमच्याकडं टँकरची वाट बघावी लागते, हे मी विसरलेले नाही.

जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच बायकांना पाणी तपासायची पेटी वापरायला शिकवायचं ठरलंय. तुमच्या ग्रामपंचायतीत विचार, ती पेटी कुणाच्या तरी कपाटात असेल. नाहीतर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना दे. क्षारांसाठी साधी प्लास्टिकची बाटली चालते, त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भर. जंतूंसाठी मात्र निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यायची, आणि भरली की त्याच दिवशी पोचवायची. घरात ठेवून दुसऱ्या दिवशी नेलीस तर आकडा खोटा येतो.

आणि त्या माणसाला मशीनसाठी आगाऊ किती दिलेस ते सांगितलं नाहीस. पावतीचा फोटो पाठव.